खो-खोचे मैदान आणि खेळाडूचा घोटा
(चाळीसगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तीत अजिंक्यपद मिळविले आणि दोहोंचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. या यशाने आपल्या शाळांतील मुलामुलींचा हुरूप वाढणे स्वाभाविक आहे. ते सामने मात्र मॅटवर झाले. आपली मुले खेळतात ती जमिनीवर. म्हणून आज घोट्याविषयी बोलावयाचे आहे.

घोटा बहुधा आतल्या बाजूस मुरगळतो. बाहेरचे हाड आतल्या हाडापेक्षा खाली उतरलेले असते, त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूस सहसा वळत नाही. आतल्या बाजूचा अस्थिबंध जाड व बळकट असतो. बाहेरचे तीन अस्थिबंध त्या मानाने दुबळे असतात. तळवा आत वळला की ताण त्यांच्यावर येतो आणि पुढचा अस्थिबंध प्रथम फाटतो.

पाऊल अडकले आणि शरीर फिरले, की इजा होते. पाण्यावर फळीने घसरण्याचा एक खेळ परदेशात आहे. त्यातील स्लालम प्रकारात दोन्ही पाय एकाच फळीत बसवितात. पडताना एक पाय सुटला व दुसरा अडकून राहिला, तर फळीचा सारा पीळ त्या घोट्यावर येतो. आपल्याकडे फळीचे काम जमिनीची भेग करते. गिरणेच्या खोऱ्यातील काळी जमीन कपाशीला उत्तम. पण पावसानंतर वाळली की ती भेगाळते. हूल देऊन खांबाशी झटकन वळणाऱ्या मुलीचे पाऊल अशा भेगेत गेले, तर तिचे कौशल्य तिला वाचवू शकत नाही.

इजा झाल्यावर घोटा चोळणे वा ओढून 'बसविणे' ही आपली जुनी सवय. तिने सूज वाढते, आणि हाड मोडले असल्यास अधिक हानी होते. खेळ तत्काळ थांबवावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, रुंद पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. क्ष-किरण तपासणी केव्हा आवश्यक, याची सोपी कसोटी १९९२ साली कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी मांडली. तिचा गाभा असा: चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर तपासणी करावी. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या वाढीच्या भागास इजा होऊ शकते. म्हणून त्यांच्या बाबतीत शंका आली तरी डॉक्टरांस दाखवावे.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव अधिक असतो, कारण अस्थिबंधाबरोबर तोल सांभाळण्याची जाणीवही क्षीण होते. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, असे नव्हे. एका पायावर उभे राहणे, मग तेच डोळे मिटून करणे, टाचा उचलणे, असा सराव काही आठवडे रोज करावा. यास पैसा लागत नाही. दुखरा पाय घेऊन स्पर्धेत उतरविलेली मुलगी कदाचित तो सामना जिंकून देईल. परंतु पुढे तिचा खेळच सुटण्याची भीती असते.

मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे फार मोठे नव्हे. स्पर्धेपूर्वी भेगा मातीने बुजविणे, खडे वेचणे, पाणी मारून रोलर फिरविणे आणि खांबांभोवतीची जागा विशेष तपासणे, एवढे काम ग्रामपंचायत व शाळा मिळून सहज करू शकतील. ते अंदाजपत्रकाच्या वेळी आठवावे, आणि खेळाच्या तासापूर्वी शिक्षकांनी मैदानावरून एक फेरी मारावी, एवढीच माझी विनंती आहे.