हिवाळ्याची नोंद आणि गावची शाळा
(बुटीबोरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



२९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटे नागपूर येथे ३.५ अंश सेल्सिअस इतक्या किमान उष्णतामानाची नोंद झाली. या दिवसांत नागपुरास रात्रीचे उष्णतामान सामान्यतः १२ ते १३ अंशांच्या आसपास असते. त्यापूर्वीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ या दिवशीचा, ३.९ अंशांचा होता. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे अबाधित राहिलेला नीचांक त्या पहाटे मोडला. हे विधान इतक्या निश्चयाने करता येते, याचे कारण एवढेच की, १९३७ सालच्या त्या कडाक्याच्या थंडीत कोणी एक निरीक्षक नेमलेल्या वेळी पेटीजवळ गेला, उष्णतामापकावरील आकडा त्याने वाचला आणि तो जसाच्या तसा वहीत उतरविला. त्याच्या मागून आलेल्या प्रत्येकाने तेच केले. हवामानशास्त्राचा सारा डोलारा अशा साध्या, नित्याच्या आणि प्रामाणिक कृतीवर उभा आहे.

तथापि आज वर्तमानपत्रात ‘नागपूर’ म्हणून जो आकडा छापून येतो, तो सोनेगाव येथील विमानतळावरील वेधशाळेचा असतो. बुटीबोरी तेथून वीसएक किलोमीटर दक्षिणेस आहे. त्याच पहाटे वेणा नदीच्या काठच्या तुरीत किती थंडी होती, कारखान्यांच्या वसाहतीत किती होती आणि बोरखेडीच्या बाजूच्या उघड्या माळावर किती होती, हे सोनेगावच्या आकड्यावरून सांगता येत नाही. हिवाळ्यात तर मुळीच नाही. आभाळ निरभ्र व वारा पडलेला असला, म्हणजे रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे टाकते. जमिनीलगतची हवा थंड होते, जड होते आणि पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. म्हणूनच टेकाडावरचे शेत वाचते आणि नाल्याकाठचे करपते. उलटपक्षी सिमेंटचे रस्ते, पत्र्यांची छपरे व भट्ट्या यांच्या सान्निध्यात रात्र तितकी थंड होत नाही. एकाच गावाच्या दोन अंगांना एकाच पहाटे काही अंशांचे अंतर पडावे, यात नवल नाही.

या काही अंशांवर शेतकऱ्याचे पुष्कळ अवलंबून असते. डिसेंबर-जानेवारीत तूर फुलोऱ्यात अथवा शेंगेत असते, हरभऱ्यास घाटे धरू लागलेले असतात, संत्र्याचा मृग बहार झाडावर असतो व आंबिया बहार फुटण्याच्या बेतात असतो. गव्हाला थंडी मानवते. पण तीच थंडी मर्यादेपलीकडे गेली की तुरीचा फुलोरा जळतो. उत्तरेकडील थंड वारे आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा यांची विदर्भावर गाठ पडली, म्हणजे अवकाळी पाऊस होतो, कधी गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील हाती आलेली पिके झोडपून काढली, हे शेतकरी विसरलेले नाहीत. गारांचा पट्टा बहुधा अरुंद असतो. एका शिवारात नासधूस आणि शेजारच्या शिवारात पानही फाटलेले नाही, असे घडते. अशा वेळी ‘गारा कोठून कोठवर पडल्या?’ या प्रश्नाचे उत्तर दूरच्या वेधशाळेपाशी नसते. ते गावात राहणाऱ्या, पाहणाऱ्या आणि लिहून ठेवणाऱ्या माणसापाशीच असते.

असे पाहणारे व लिहिणारे लोक या देशात पूर्वीपासून आहेत. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचे अनुमान आधी करता येईल काय, हा प्रश्न निकडीचा झाला. हिवाळ्यात हिमालयावर बर्फ अधिक पडले तर पुढील पावसाळा कमी पडण्याचा संभव असतो, असा संबंध ब्लॅनफर्ड यांना दिसला. डोंगराळ मुलखातून आलेल्या हिमवृष्टीच्या वृत्तांचा आधार घेऊन त्यांनी प्रायोगिक अनुमाने केली आणि १८८६ साली पहिले रीतसर दीर्घकालीन अनुमान प्रसिद्ध झाले. हिवाळ्याची नोंद ही पावसाळ्याच्या विचाराची पहिली पायरी ठरली, ती अशी.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा वारसा त्याहूनही जुना आहे. तेथे १८४० च्या सुमारास केरो लक्ष्मण छत्रे या कोवळ्या वयाच्या मराठी तरुणाने साहाय्यक म्हणून वेध घेण्याचे काम पत्करले. हेच केरूनाना पुढे पुण्यास गणिताचे नामांकित अध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. वेध घेणे आणि मुले शिकविणे ही दोन कामे एकाच स्वभावाच्या माणसास शोभतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास नको. पुढे हवामान विभागाने देशभर केंद्रांचे जाळे विणले, तेव्हा सर्वच ठिकाणी पूर्णवेळ कर्मचारी नेमणे शक्य नव्हते. अनेक केंद्रांवर अर्धवेळ निरीक्षक नेमण्यात आले. दुसऱ्या नोकरीत असलेला शाळामास्तर, पोस्टमास्तर अथवा अन्य कर्मचारी अल्प मानधनावर सकाळ-संध्याकाळ नोंद घेई. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकही महसूल खात्याच्या माणसांनीच सांभाळले.

परदेशातही हीच कथा आहे. अमेरिकेत १८९० सालापासून बिनपगारी सहकारी निरीक्षकांची व्यवस्था आहे. न्यूयॉर्क राज्यातील ब्रिजहॅम्प्टन येथे कोंबड्या पाळणारे रिचर्ड हेंड्रिक्सन हे शेतकरी १९३० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, या कामास लागले; २०१४ साली त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सेवेचा गौरव करण्यात आला. त्याच देशातील फोर्ट कॉलिन्स या शहरी जुलै १९९७ मध्ये मोठा पूर आला. शहराच्या एका भागात दहा इंचांहून अधिक पाऊस झाला होता, तर दुसऱ्या भागात दोन इंचदेखील नव्हता. त्या अनुभवातून पुढील वर्षी तेथे पाऊस, गारा व बर्फ यांची नोंद करणारे स्वयंसेवकांचे मंडळ निघाले. त्या मंडळाचा एक नियम मनावर ठसवून घेण्याजोगा आहे: पाऊस पडला नाही, तर त्या दिवशी शून्य कळवावयाचे. शून्य ही माहिती आहे. मौन ही माहिती नव्हे.

येथे कोणी विचारील की, आता स्वयंचलित यंत्रे आली असता शाळेच्या वहीचे प्रयोजन काय? प्रश्न योग्य आहे. ‘महावेध’ प्रकल्पातून महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. त्यांतील पहिले केंद्र २०१७ साली याच नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सुरू झाले. पाऊस, उष्णतामान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद ही केंद्रे मनुष्याहून अधिक वेळा घेतात. फळपीक विम्याची भरपाई ठरविताना याच केंद्रांचे आकडे पाहिले जातात. शाळेची वही त्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि तसा आव तिने आणूही नये. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र एकाच जागी असते. शिवाय पानावर दहिवर साचले की नाही, धुक्यात देऊळ दिसत होते की नाही, गार हरभऱ्याएवढी होती की लिंबाएवढी, हे त्या खांबावरील यंत्राला सांगता येत नाही. ते तिसरी-चौथीतील मुलाला सांगता येते, मात्र त्याला पाहण्याची शिस्त लावणारा गुरू हवा.

ही शिस्त कशी लावावी? पहिली गोष्ट जागेची. उष्णतामापक भिंतीला, खिडकीला किंवा पत्र्याखाली टांगू नये. भिंत दिवसाची ऊब रात्रभर सोडीत राहते. वेधशाळेत तो पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवतात आणि पेटीचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही. गावच्या सुताराकडून अशी पेटी करून घेता येते. पाऱ्याचे उष्णतामापक शाळेत आणू नयेत, कारण फुटल्यास पारा विषारी असतो. अल्कोहोलचे किंवा अंकदर्शक साधन पुरेसे आहे. पर्जन्यमापक झाडापासून व इमारतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्यावर असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. वेधशाळांत सकाळी साडेआठची नोंद प्रमाण मानतात व तेव्हापर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतात. शाळा उशिरा भरत असेल तर दुसरी वेळ ठरवावी, ती वहीच्या प्रत्येक पानावर लिहावी आणि वर्षभर बदलू नये. रविवार व सुट्टी यांचा प्रश्न खरा आहे. पुष्कळ शाळांतील शिक्षक शहरातून येतात-जातात. पण मुले गावातच असतात. शाळेजवळ राहणाऱ्या मुलामुलींच्या जोड्या करून पाळी लावली, तर दिवाळीच्या सुट्टीतही वहीत खंड पडणार नाही.

तिसरी गोष्ट साधनांवाचून होणाऱ्या नोंदींची. धुक्यासाठी शाळेच्या दारातून दिसणाऱ्या चार खुणा ठरवाव्यात: कडुनिंब, हातपंप, मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी. त्यांची अंतरे मुलांनी पावलांनी मोजावीत. गणिताचा एक तास त्यात सहज जाईल. एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे शास्त्रीय अर्थाने धुके, आणि दोनशे मीटरच्या आतले दिसेनासे झाले म्हणजे दाट धुके. वारा कोणत्या दिशेने येतो, हे धुरावरून अथवा हाती धरलेल्या सुताच्या धाग्यावरून कळते. गारांच्या बाबतीत आरंभाची व अखेरची वेळ, गारेचा आकार आणि गावाच्या कोणत्या अंगास अधिक पडल्या, एवढे लिहावे. मात्र हे काम गारपीट थांबल्यावर, मुले सुरक्षित असतानाच करावयाचे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सत्याची. ज्या दिवशी नोंद झाली नाही, त्या दिवशी रकान्यात आडवी रेघ ओढावी. कालचा आणि उद्याचा आकडा पाहून मधला आकडा बसविण्याचा मोह होतो. वही तपासणाऱ्या अधिकाऱ्यास भरलेली पाने आवडतात, हेही खोटे नाही. पण असा एक बनावट आकडा शेजारच्या शंभर खऱ्या आकड्यांवरचा विश्वास घालवितो. कारण बनावट कोणता व खरा कोणता, हे पुढे कोणासच ओळखता येत नाही. पाऊस नाही, तेथे शून्य; पाहिले नाही, तेथे रेघ. चुकीचा आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा व आद्याक्षर करावे. तपासणाऱ्यांनीही रेघ पाहून नाराज न होता, महिनाभर एकही रेघ नसलेली वही जरा काळजीने पाहावी.

एक शाळा हे काम करील तर ती एक चांगला उपक्रम करील. पण खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी आणि सिंदी अशा रेल्वेमार्गालगतच्या गावांतील शाळा एकाच वेळी, एकाच पद्धतीने करतील, तर त्यातून जाळे तयार होईल. एकाच पहाटेचे पाच आकडे नकाशावर मांडले की थंडी कोठे साचते, हे मुलांस डोळ्यांनी दिसेल. हवामान विभाग मैदानी प्रदेशात थंडीची लाट ठरविताना किमान उष्णतामान १० अंश किंवा त्याहून खाली आहे काय व ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी उतरले आहे काय, हे पाहतो. सरासरी म्हणजे काय, हे पाटीवरील उदाहरणांपेक्षा या तुलनेतून मुलांना अधिक लवकर उमगेल. मात्र शाळेची स्वतःची सरासरी निघण्यास वर्षे लागतात. पहिल्या हिवाळ्याच्या वहीवरून मोठे निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तिचा पहिला उपयोग जवळचाच आहे: रात्रीचा पारा उतरू लागल्याचे पाहून मुलाने घरी सांगावे, बापाने संध्याकाळी पिकास हलके पाणी द्यावे, आणि शिक्षकाने अंगावर पांघरूण नसलेले मूल वर्गात कोठे बसले आहे, ते पाहावे.

शिक्षकाची बदली होते, मुले पुढच्या शाळेत जातात. वही शाळेत राहिली पाहिजे. म्हणून ती शाळेच्या दप्तरात, जनरल रजिस्टरच्या शेजारी ठेवावी आणि कार्यभार सोपविताना तिचाही उल्लेख यादीत करावा. नव्या शिक्षकाने मागील पान उघडावे, तीच जागा, तीच वेळ कायम ठेवावी आणि त्याखाली आपली पहिली ओळ लिहावी. १९३७ सालच्या त्या निरीक्षकाला आपला आकडा ऐंशी वर्षांनी कोणी पाहील, याची कल्पना नसावी. त्याने तो नीट लिहिला, म्हणूनच २०१८ सालच्या थंडीचे मोल कळले. आज बुटीबोरीच्या परिसरात लिहिलेल्या ओळीचे मोलही असेच पुढे कळावयाचे आहे.