सुवर्णदुर्ग की हरिहरेश्वर? आंजर्ल्यातला एक मोकळा दिवस

आजचा भाग एका श्रोत्यांच्या प्रश्नावर आहे. ते विचारतात, "आंजर्ल्यात दोन रात्री मुक्काम आहे, मध्ये एकच दिवस मोकळा. बोटीतून जायचंय आणि समुद्रात उतरलेले कडे बघायचेत. सुवर्णदुर्ग करू की हरिहरेश्वर? सोबत आई आहे, वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात. ती म्हणते, तुम्ही जाऊन या, मी किनाऱ्यावर बसते. आम्हाला ते नकोय."

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. फोटो कुठे चांगले येतील हा प्रश्न सोपा आहे. आईला किनाऱ्यावर न बसवता दिवस कसा घालवायचा, हा खरा प्रश्न.

आधी सुवर्णदुर्ग. आंजर्ल्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की हर्णै जवळच. बंदरावरून छोट्या होड्या किल्ल्याकडे जातात, पाण्यातलं अंतर थोडंच. किल्ल्याच्या तटाचा खालचा भाग बऱ्याच ठिकाणी मूळ खडक तासून काढलाय, त्यामुळे होडीतून बघताना कडा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते पटकन कळत नाही. दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलंय, आत शिरताना बाजूच्या भिंतीत मारुती. कान्होजी आंग्र्यांच्या उमेदीच्या काळाशी हा किल्ला जोडलेला आहे. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते. पुढे जेम्सच्या बायकोनं नवऱ्याच्या आठवणीसाठी लंडनमध्ये एक मनोरा बांधला. 'सेव्हर्नड्रूग' हे त्याचं नाव म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी जिभेवरचा.

पण अडचण ऐका. होडीत चढायचं म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात पाय घालून, कडेवर हात टेकून, अंग उचलून चढायचं. किल्ल्यावर उतरतानाही तेच. आत गवत, दगड, पडके चौथरे. सावली कमी, पिण्याचं पाणी आपलं आपण न्यायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हे जमणारं नाही, आणि ओढून नेलं तर सगळ्यांचाच जीव टांगणीला.

आता हरिहरेश्वर. आंजर्ल्याहून केळशीच्या बाजूनं वर वेसवीला जायचं. तिथे सावित्रीची खाडी आडवी येते आणि जेट्टी, म्हणजे गाडीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट, बागमांडल्याला सोडते. पाण्यावरचा वेळ पाव तासाच्या आसपास, पण आईला गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नाही. खाडीच्या तोंडाशी बाणकोटचा किल्ला दिसतो. गंमत म्हणजे गोष्ट तीच पुढे चालू आहे. सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट मात्र इंग्रजांनी ठेवून घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं.

बागमांडल्याहून हरिहरेश्वर काही किलोमीटरच. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर असं दर्शन. देवळामागून प्रदक्षिणेची वाट दोन खडकांच्या फटीतून पायऱ्यांनी खाली समुद्रावर उतरते. तिथले कडे पाहण्यासारखे आहेत. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे खडकात मुरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि खडक कणाकणानं सुटतो. त्यातून मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार झालीय.

आणि इथेच जपायचं. ही वाट भरतीला पाण्याखाली जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाट, पळायला जागा नाही. लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना इथे झाल्यात. त्यामुळे निघायच्या आधी तिथी बघा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा. भरती सव्वाअकरा-बाराला येते आणि उधाणाची असते, त्या दिवशी दुपारी वाटेवर उतरूच नका. हिशोब ढोबळ आहे, तिथे स्थानिकांना विचाराच. पाणी उतरत असताना जा, चढायला लागायच्या आत वर या.

मग निवड काय? माझं मत स्पष्ट आहे: हरिहरेश्वर. प्रदक्षिणेच्या पायऱ्या आईला जमणार नाहीत, हे खरं. पण जेट्टीचा प्रवास, खाडी, देऊळ, समुद्र हे सगळं ती तुमच्याबरोबर बघेल. तुम्ही आळीपाळीनं खाली जाऊन या, एक जण तिच्याजवळ थांबा. जेट्टीची परतीची शेवटची वेळ मात्र जातानाच विचारून ठेवा. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते.

आणि सुवर्णदुर्ग? तो हुकत नाही. आंजर्ल्यात कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. उजव्या सोंडेचा गणपती, आणि तिथूनच खाली समुद्रात अख्खा सुवर्णदुर्ग दिसतो. पोचलात त्या संध्याकाळी आईला तिथे घेऊन जा. तटावरून चालणं होणार नाही, पण कासवाची आणि जेम्सच्या बायकोची गोष्ट तिथे बसून सांगता येईल.

हां, सगळे धडधाकट असाल आणि चढ-उताराचं काही वाटत नसेल, तर उत्तर बदलतं. मग सकाळी सुवर्णदुर्ग आणि संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव. पावसाळ्यात मात्र होडीचा हट्ट नको, कोणी नेतो म्हणाला तरी नको.

तुमच्या घरात असा कोणी 'मी इथेच बसते' म्हणणारं असेल, तर तुम्ही काय करता ते कळवा. भेटू पुढच्या भागात.