रस्त्याखालचा यंत्रमानव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंत्रमानव शहरात आले तर गरिबाच्या पोटाचे काय, असा प्रश्न मागच्या बैठकीत निघाला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मी अशा एका यंत्राविषयी बोलणार आहे, जे रस्त्याखाली उतरते.

२०१५ साली केरळात कोझिकोड येथे मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरून गेले. त्यांना वाचवायला धावलेला रिक्षावालाही गेला. पुढे केरळातल्याच काही तरुण इंजिनियरांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला. बँडिकूट म्हणजे आपली घूस! २०१८ साली तो तिरुवनंतपुरमला कामास लागला. त्याचे हातपाय मॅनहोलमध्ये उतरून गाळ बादलीने वर आणतात. कामगार वर उभा राहून, पडद्यावर पाहून तो चालवतो.

हाताने मैला उपसण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबास तीस लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ठरविले. तरी माणसे उतरतातच. कारण यंत्र महाग आणि माणूस स्वस्त, हा आपला हिशेब!

मीही त्यातून सुटलेली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणातले चेंबर तुंबले. एक माणूस आत उतरला. मी नाकाला पदर लावून लांब उभी. काम झाल्यावर त्याला चहा दिला, तो निराळ्या कपात. त्याचे नावही विचारले नाही. आणि हे कुठे? ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठ्यांवर, शाळांत, दवाखान्यांत शिवाशिव पाळू नये असे हुकूम काढले, गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः चहा घेतला, त्या कोल्हापुरात! त्या कपाची मला आज लाज वाटते.

तेव्हा यंत्र जरूर यावे. मात्र ते चालविण्याचे शिक्षण आणि पगाराची नोकरी आजवर आत उतरलेल्यांना आधी मिळावी; म्हणजे कुणाचे पोट मारले जाणार नाही. त्यांच्या मुलांनी मात्र हेच काम करावे, असे कुणी गृहीत धरू नये. आणि आपल्या घरच्या चेंबरात यापुढे माणूस उतरवायचा नाही. महापालिकेकडे गाडी मागावी, दोन दिवस थांबावे लागले तरी थांबावे.

यंत्र गाळ काढील. निराळा कप मात्र आपल्यालाच फडताळातून काढावा लागेल.