हिशेबात न बसणारे ठोके

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरी संमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही पहिले खजिनदार. पंचवीस वर्षांच्या आर्थिक वाटचालीवर पंधरा मिनिटं बोला." मी हो म्हटलं. दोन दिवस जुन्या फायली चाळल्या. मग लक्षात आलं, की हे सगळं ऑडिट रिपोर्टात आहे, आणि ऑडिट रिपोर्ट कोणीही वाचत नाही हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा मी विषय बदलतो आहे. सेक्रेटरी मला माफ करतील.

आज गच्चीवर आल्यावर एक गोष्ट पाहिली. 2000 साली आपण इथे राहायला आलो तेव्हा पहिल्या कोजागिरीला चार सतरंज्या पुरल्या होत्या. या वेळी मंडपवाल्याकडून साठ खुर्च्या मागवाव्या लागल्या. खाली बसता येतं हो, उठता येत नाही. दुधातसुद्धा दोन पातेली आहेत, एक साखरेचं आणि एक बिनसाखरेचं, आणि बिनसाखरेचं आधी संपतं आहे. म्हणून म्हटलं, हिशेब द्यायचाच तर शरीराचा देऊ.

माझ्या नावावर चार खाती आहेत. मधुमेह 2004 पासून, रक्तदाब 2008 पासून, मग थायरॉइड, आणि 2017 पासून हृदयाचे अनियमित ठोके. यातलं एकही खातं बंद होत नाही, चालू ठेवावं लागतं. आज बोलायचं आहे ते मुख्यतः चौथ्याबद्दल, कारण पहिल्या तीन दुखण्यांवर इथला प्रत्येक जण तज्ज्ञ आहे.

2017 च्या पावसाळ्यात आपली बी विंगची लिफ्ट महिनाभर बंद होती, आठवत असेल. मी तिसऱ्या मजल्यावर. पिशवी घेऊन चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागायचं. वय झालं, पित्त झालं असेल, अशी मनाची समजूत घातली. तीस-पस्तीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला लोकलमध्ये लटकत गेलेला माणूस, तीन मजल्यांनी दमतो हे कबूल करायला लाज वाटत होती. शुगरच्या तपासणीला गेलो असताना आमच्या डॉक्टरांनी नाडीवर बोटं ठेवली आणि ती उचललीच नाहीत. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता ई.सी.जी. काढून या."

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. मला समजलं तसं सांगतो. मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला 1,03,680 होतात. हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या कप्प्यात एक छोटीशी जागा आहे, तिथून विजेचा हुकूम सुटतो, आधी वरचे दोन कप्पे आकसतात, मग खालचे दोन. या आजारात वरच्या कप्प्यांत एकाच वेळी शेकडो हुकूम सुटतात. कप्पे नीट आकसायच्या ऐवजी नुसते थरथरतात. पेन्शनच्या दिवशी शटर उघडल्याबरोबर सगळे एकदम काउंटरवर येतात ना, तसं. खालचे कप्पे त्यातले जमतील तेवढे पास करतात, म्हणून नाडीला ताल राहत नाही.

धडधडीने माणूस घाबरतो, पण खरी भीती दुसरीच आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. डाव्या वरच्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा आहे, तिथे गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. या आजारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. म्हणून एक गोळी ठोक्यांचा वेग आवरायला आणि दुसरी गुठळी होऊ नये म्हणून. तिला आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. रक्त काही पातळ होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच.

या दुसऱ्या गोळीचा इतिहास गमतीचा आहे. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. कारण निघालं कुजलेला चारा. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञांनी पुढे त्यातलं द्रव्य शोधलं. त्यावरून वॉरफरिन तयार झालं ते आधी उंदीर मारायला, आणि 1954 पासून माणसांना औषध म्हणून. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना 1955 साली हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं. मला सुरुवातीला दिलेली गोळी त्याच कुळातली. ही हकीकत मी नातवाला सांगितली, तर त्याने खाली पार्किंगमध्ये जाहीर केलं, "आमचे आजोबा उंदराचं औषध खातात." आठवडाभर लोक मला जपून विचारत होते, सगळं ठीक आहे ना म्हणून.

या गोळीबरोबर दर महिन्याला आय.एन.आर. नावाची रक्ताची तपासणी करायची. आकडा दोन ते तीनमध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. मेथी, पालक यांतलं 'के' जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणजे भाजी बंद करायची नाही, पण आठवडाभर नाही आणि रविवारी गड्डीच्या गड्डी, असंही नाही. आमच्या हिने मेथीचंसुद्धा वेळापत्रक केलं. अंगदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही. शेजारपाजारचे काढे, अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. बी विंगमधल्या वहिनी अजून माझ्यावर नाराज आहेत, त्यांनी प्रेमाने आणलेला अर्क मी परत केला म्हणून.

हे सगळं मी दोन वर्षं चोख केलं. आणि आता जे सांगणार आहे ते आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

2019 च्या सप्टेंबरमध्ये दात घासताना हिरडीतून रक्त यायला लागलं. खरं तर डॉक्टरांना फोन करायचा. दात काढायचा असला तरी आजकाल सहसा ही गोळी सरसकट बंद करत नाहीत, आय.एन.आर. पाहून ठरवतात. पण मी अधिकारी माणूस! स्वतःच मंजुरी दिली, दोन दिवस गोळी बंद. रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, अजून एक दिवस बघू. कसलाच त्रास नाही. उलट बरंच वाटत होतं. ही गोळी घेतल्याने काही जाणवत नाही आणि सोडल्यानेही काही जाणवत नाही, इथेच माणूस फसतो. विम्याचा हप्ता चुकवला तर त्या दिवशी कुठे काय होतं? आयुष्यभर मी कर्जदारांना विम्याचे हप्ते भरायला लावले, आणि स्वतःचा बारा दिवस भरला नाही.

तेराव्या दिवशी रविवार होता, आपली वार्षिक सर्वसाधारण सभा. मी हिशेब वाचत होतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण हजर होतात. सिंकिंग फंडाच्या रकमेशी आलो आणि शब्द येईना. समोर छापलेला दिसतोय, अर्थ कळतोय, तोंडातून भलतंच काहीतरी येतंय. उजव्या हातातला कागद घसरला. सभेला वाटलं, मी कोणाच्या तरी प्रश्नावर चिडून थांबलो आहे. कोणी तरी "उत्तर द्या, उत्तर द्या" असंही म्हणालं. मला ते ऐकू येत होतं.

सी विंगमधले एक गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. पार्किंगच्या आकारावरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्या सभेतही ते तोच मुद्दा घेऊन आले होते. ते उठले. मला वाटलं, झालं, आता हे सुरू होणार. तर ते ओरडले, "अहो, त्यांचं तोंड बघा, वाकडं झालंय!" त्यांनी मला दोन्ही हात वर करायला सांगितलं, उजवा खाली आला. कोणी पाणी आणलं होतं, ते त्यांनी पिऊ दिलं नाही, ठसका लागेल म्हणून. किती वाजलेत ते मोठ्याने सांगितलं, दहा वाजून चाळीस. आणि गाडी काढली. मानपाडा रस्त्यावर रविवार असून गर्दी होती, हॉर्नवरचा हात त्यांनी काढला नाही. त्यांच्या वडिलांना असाच झटका आला होता आणि घरच्यांनी 'झोपू द्या, बरं वाटेल' म्हणून चार तास घालवले होते, हे मला नंतर कळलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि देण्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. म्हणून ते घड्याळ.

इस्पितळात तरुण डॉक्टर होते. तोपर्यंत हात थोडा हलायला लागला होता. त्यांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? शेवटची कधी घेतली?"

मंडळी, मी मान हलवली. चालू आहे म्हणून. ही शेजारी उभी होती, तिच्यासमोर कबूल करवेना.

ते इंजेक्शन द्यायचं की नाही, हे या एका उत्तरावर अवलंबून असू शकतं. गोळी अंगात असेल तर इंजेक्शनने मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून देत नाहीत. म्हणजे मी लाजेपोटी स्वतःचाच उपचार अडवत होतो.

ही म्हणाली, "नाही हो डॉक्टर. बारा दिवस झाले, स्ट्रिप तशीच आहे."

पुढे रक्ताच्या तपासणीतही आय.एन.आर. 1.1 आला, म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाइतका. माझं नशीब बलवत्तर. दीड तासात बोलणं परत आलं, स्कॅन स्वच्छ निघाला, इंजेक्शनची वेळच आली नाही. थोडा वेळ येऊन गेलेला झटका, असं त्याचं निदान. तीन दिवसांनी घरी आलो. घरी आल्यावर मी हिला विचारलं, "तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही घेतली म्हणाला असतात. मग तुम्ही माझ्याशी खोटं बोललात असं झालं असतं. मी रोज वाट बघत होते, आज तरी घ्याल." यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

2021 पासून मला नव्या प्रकारची गोळी आहे. आय.एन.आर. नाही, मेथीवर बंधन नाही. महाग आहे, आणि ती सगळ्यांना चालत नाही. झडपेचे काही आजार असतील तर जुनीच द्यावी लागते. नव्या गोळीचा अंदाज आय.एन.आर.वरून नीट येत नाही, तेव्हा डॉक्टरांना तोंडानेच खरं सांगावं लागतं. औषधांच्या खर्चाबद्दल आणि निवृत्तांच्या विम्याच्या प्रीमियमबद्दल बोलायला लागलो तर दूध आटून जाईल, ते राहू द्या.

चार दुखणी एकत्र असली की ती एकमेकांच्या कारभारात लुडबूड करतात. साखर उतरली की छाती धडधडते, त्यावरून आपण ओळखतो. पण ठोके आवरायची माझी गोळी ती धडधडच दाबून टाकते. घाम मात्र येतो. एकदा दुपारी पंख्याखाली बसून मला दरदरून घाम आला, ठोके शांत, आणि मी ते उकाड्यावर ढकललं. हिने साखर मोजली, 58. तेव्हापासून खिशात चार खडीसाखरेचे खडे असतात. रक्तदाबाचं घरचं यंत्रसुद्धा ताल नसलेल्या नाडीला गोंधळतं. मी तीनदा मोजून सरासरी काढतो.

आता सोसायटीपुरतं बोलतो. मी पडलो तो तळमजल्यावर, दिवसाढवळ्या, शंभर माणसांत. तिसऱ्या मजल्यावर पहाटे तीनला पडलो असतो तर? आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हे आपल्याला बिल्डरने सांगितलं नाही आणि आपणही कधी मोजलं नाही. 2020 मध्ये घडीची व्हीलचेअर घेतली, ती मीटर रूममध्ये आहे आणि किल्ली वॉचमनकडे. निदान काल तरी होती. 108 चा नंबर केबिनमध्ये लावलेला आहे, पण रात्री गाडी चालवू शकणाऱ्यांची यादी लावायची ठरली होती, ती लागलेली नाही. एकट्या राहणाऱ्या सात जणांपैकी चौघांनीच शेजारी किल्ली दिली आहे. उरलेल्या तिघांची नावं मी घेत नाही, पण मी त्यांच्याकडेच बघतो आहे.

आणि आज घरी जाताना प्रत्येकाने स्वतःची नाडी बघा. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं, पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ताल चुकतोय का ते त्यात कळत नाही. चुकतोय असं वाटलं तर मला विचारू नका, डॉक्टरांकडे जा आणि ई.सी.जी. काढा.

सी विंगच्या त्या गृहस्थांशी आता माझं बोलणं आहे. ते रोज रात्री नऊला इंटरकॉम करतात आणि एकच शब्द विचारतात, "घेतली?" पार्किंगच्या आकाराबाबत मात्र ते अजूनही चूक आहेत, आणि पुढच्या सभेत मी ते आकड्यांनिशी दाखवणार आहे.

नऊ वाजायला दोन मिनिटं आहेत. ते तिकडून हात वर करून घड्याळ दाखवताहेत, आणि हिच्या हातात पाण्याची बाटली आहे. नमस्कार.