प्रसन्न म्हणजे काय?



लग्नाची पत्रिका हाती घ्या. सर्वांत वर काय छापलेले असते? ‘श्री गजानन प्रसन्न’. जोडाक्षरे पाहून बिचकू नका. प्र–स–न्न. आज या एकाच शब्दाविषयी बोलू.

आपण म्हणतो, देव प्रसन्न झाला. सकाळ प्रसन्न आहे. चेहरा प्रसन्न आहे. परवा वर्गात एका बाईंनी विचारले, “गुरुजी, औंदा कपाशी गेली. मंग आमी प्रसन्न कसं राहावं?” मला लगेच उत्तर देता आले नाही. घरी जाऊन शब्दाचे मूळ पाहिले.

हा शब्द संस्कृतातला. त्याचे मूळ ‘सद्’. सद् म्हणजे बसणे. सदन म्हणजे बसण्याची, राहण्याची जागा. संसद म्हणजे जेथे लोक एकत्र बसतात ती सभा. मग ‘प्रसन्न’मध्ये कोण बसले? बरं का, गाळ बसला!

आपल्या दिग्रसच्या धावंडा नदीला पूर आला की पाणी कसे होते? चहासारखे गढूळ. ते घागरीत भरा, तुरटी फिरवा आणि हलवू नका. गाळ तळाशी बसतो. वर स्वच्छ पाणी राहते. अशा पाण्याला संस्कृतात प्रसन्न म्हणतात. रामायणात तमसा नदीच्या पाण्याला वाल्मीकींनी हाच शब्द लावला, आणि त्या पाण्याला सज्जनाच्या मनाची उपमा दिली. पाण्याचा शब्द मनालाही शोभला. मराठीतही पाणी निवळते, आभाळ निवळते, आणि रागही निवळतो.

‘विषाद’ हा शब्दही सद् पासूनच झाला. विषाद म्हणजे खचणे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन धनुष्य टाकून रथात खाली बसतो. विषादात माणूस बसतो. प्रसन्नतेत गाळ बसतो. मूळ एकच, पण फरक केवढा!

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना म्हणालो, “बाई, प्रसन्न म्हणजे सदा हसत राहणे नव्हे. पीक गेले तर मन ढवळणारच. पुढेही दुःख नाहीसे होत नाही, ते तळाशी राहते. पण ते खाली बसले की पुढची वाट दिसू लागते.”

आणि आपण शेजाऱ्यांनी काय करावे? घागर सारखी हलवली तर गाळ बसेल का? “कर्ज किती झालं? आता कसं करता?” असे येता-जाता विचारणे म्हणजे घागर हलवणेच. दुःखी माणसाला “हस” म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. तो फारच खचलेला दिसला तर एकटा सोडू नका, दवाखान्यात न्या. बसणे हाच तर या शब्दाचा मूळ अर्थ आहे.

आता पाट्या घ्या. ‘प्रसन्न’ हा शब्द पाच वेळा लिहा. घाई नको. सावकाश लिहा.