उडी मारण्याआधी थांबायला शिका
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्य बँकेत खुर्चीवर काढलेल्या माणसाला उड्या आणि धावण्यावर बोलायला सांगितलं, म्हणजे समितीला दुसरा वक्ता मिळाला नसणार! पण या विषयाची फी मी भरली आहे.

दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवात ज्येष्ठांची शर्यत होती. शाळेत खो-खो खेळलेला मी, अंग मोकळं न करता पेव्हर ब्लॉकवर सुसाट सुटलो. धावलो व्यवस्थित, थांबताना गुडघा दुखावला. सहा आठवडे जिना बंद. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "काका, धावलात ते चुकलं नाही. तयारीशिवाय धावलात ते चुकलं."

त्यांच्याकडून कळलं ते असं. वयाबरोबर ताकद घटते, पण ती झटकन वापरण्याची क्षमता त्याहूनही लवकर घटते. पाय अडखळला की दुसरा पाय क्षणात पुढे यायला हवा. आला तर सावरलो, नाहीतर खुबा मोडण्याची भीती. नुसत्या संथ फेऱ्यांनी ही चपळाई टिकत नाही.

मी सुरुवात खुर्चीपासून केली. उठायचं झटकन, बसायचं सावकाश. आठ वेळा, मग विश्रांती, असं तीनदा. नंतर कठडा धरून टाचा उचलणं. काही महिन्यांनी, बाईंच्या परवानगीने, जमिनीपासून दोन बोटं उंच उडी. आजही एका दिवशी वीसच्या वर उड्या नाहीत आणि मध्ये दोन दिवस सुट्टी. कारण स्नायू लवकर तयार होतात, स्नायूबंधांना वेळ लागतो. घाई केली की व्याजाच्या लोभात मुद्दल जातं.

आता तरुणांसाठी. उडी किती उंच गेली यापेक्षा खाली कसे आलात ते पाहा. चवड्यांवर उतरा, गुडघे आणि खुबे वाकवा, गुडघे आत वळू देऊ नका. 'धप्' आवाज आला तर धक्का सांध्यांनी खाल्ला असं समजा. पायरीवर उडी मारून चढलात तरी उतरताना चालत उतरा. वेगात धावायचं तर आधी दहा मिनिटं अंग तापवा आणि हलक्या चढावर धावा. तिथे पाऊल आपटण्याचा धक्का कमी बसतो. आठ-दहा सेकंदांच्या पाच-सहा धावा पुरेत. प्रत्येकीनंतर चालत परत या, दम पूर्ण बसू द्या. दमल्यावर पाऊल वाकडं पडतं आणि दुखापत तिथेच होते. सांधा दुखला, सुजला, तर त्या दिवशी बंद. हृदयविकार, ठिसूळ हाडं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन असेल, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

शेवटी एक विनंती. इमारतीमागची मातीची पट्टी पार्किंगसाठी फरसबंद करण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. जागेची अडचण मलाही कळते. माझ्या मुलाची गाडीसुद्धा रस्त्यावरच असते. पण आपल्या आवारात पोरांना लंगडी खेळायला आणि आम्हा म्हाताऱ्यांना दोन बोटं उडी मारायला तेवढीच मऊ जमीन उरली आहे. हात वर करण्याआधी एकदा तिथे अनवाणी उभे राहून पाहा.