घरीं बांधलेल्या विमानाचा उपकरणफलक

विमान म्हटलें कीं मोठमोठे कारखाने, हजारों कामगार आणि कोट्यवधि रुपयांचें भांडवल हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु एखाद्या गृहस्थानें आपल्या मोटारखान्यांत, फावल्या वेळांत, स्वतःच्या हातांनीं लहानसें विमान बांधावें व त्यांत बसून उड्डाण करावें, ही गोष्ट अमेरिकेंत आतां नवलाची राहिलेली नाहीं. १९५३ सालीं मिलवॉकी येथें पॉल पोबेरेझ्नी व त्यांचे सहकारी यांनीं अशा हौशी लोकांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापिली. ऑरिगन संस्थानांतील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' या एकाच कंपनीच्या आराखड्यांवरून व सुट्या भागांपासून बांधलेलीं दहा हजारांहून अधिक विमानें आजवर उडालीं आहेत. आपल्याकडेही अमोल यादव या वैमानिकानें मुंबईंत कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें, आणि २०१६ सालीं मुंबईंत भरलेल्या प्रदर्शनांत तें लोकांनीं कौतुकानें पाहिलें.

अशा विमानाचा अर्ध्याहून मोठा भाग हौशी माणसानें शिकण्यासाठीं किंवा करमणुकीसाठीं बांधलेला असावा, ही अमेरिकन कायद्याची मुख्य अट आहे. पंख, शेपटी यांचीं मापें बांधणारा सहसा बदलीत नाहीं. तेथें तो नकाशाबरहुकूम चालतो. वैमानिकाच्या समोरची पाटी, जिला उपकरणफलक म्हणतात, ती मात्र पुष्कळदा त्याच्या हातीं कोरीच येते. कोणतें उपकरण घ्यावें, तें कोठें बसवावें, कोणता खटका कोणत्या हाताशीं असावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. कारखान्यांत अशा आंखणीवर दहा जाणते लोक आक्षेप घेतात. घरीं आंखणारा, बांधणारा आणि वापरणारा बहुधा एकच असतो. त्याला 'असें कां?' म्हणून विचारणारें कोणी नसतें. म्हणून हें स्वातंत्र्य जितकें सुखाचें, तितकेंच जोखमीचें आहे.

स्वच्छ हवेंत, निळ्या आकाशाखालीं, फलकाची परीक्षा होत नाहीं. बाहेरचें क्षितिज दिसत असतें तोंवर वैमानिकाचा डोळा हेंच उत्तम उपकरण होय. तें क्षितिज ढगांत लोपलें म्हणजे मनुष्याचा देह त्याला फसवूं लागतो. विमान हळूहळू एका अंगावर कलत असतें, आणि आपण सरळ चाललों आहों अशी त्याची खात्री असते. १९५४ सालीं इलिनॉय विद्यापीठांत याचा प्रयोग करण्यांत आला. केवळ उपकरणें पाहून उडण्याचें शिक्षण नसलेल्या २० जणांच्या हातीं, बाहेरचें कांहीं दिसूं नये अशी व्यवस्था करून, शिक्षकाच्या देखरेखीखालीं विमान देण्यांत आलें. विसांपैकीं एकालाही तें सांभाळतां आलें नाहीं. तोल जाण्यास सरासरीनें १७८ सेकंद, म्हणजे पुरतीं तीन मिनिटेंही, लागलीं नाहींत.

या फसवणुकीवर उपाय सांपडला होता तो त्याच्याही पंचवीस वर्षें आधीं. १९२९ च्या २४ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्ड या विमानतळावर लेफ्टनंट जेम्स डूलिटल यांनीं झांकलेल्या कॉकपिटांत बसून विमान वर नेलें, फेरी मारली आणि तें पुन्हा जमिनीवर उतरविलें. पुढच्या आसनावर सावधगिरी म्हणून दुसरा वैमानिक बसला होता. त्याला मध्यें पडावें लागलें नाहीं. डूलिटल यांच्यासमोर पॉल कोल्समन यांनीं तयार केलेला सूक्ष्म अल्टिमीटर आणि स्पेरी यांचें कृत्रिम क्षितिज हीं नवीं उपकरणें होतीं. वेगानें फिरणारा भोंवरा आपला आंस सहजासहजीं सोडीत नाहीं, हें मुलांनाही ठाऊक असलेलें तत्त्व या कृत्रिम क्षितिजाच्या मुळाशीं आहे.

पुढें या उपकरणांची मांडणीही ठरून गेली. मधोमध कृत्रिम क्षितिज, त्याच्या डावीकडे वेगदर्शक, उजवीकडे उंची दाखविणारा अल्टिमीटर आणि खालीं दिशादर्शक. ही आकृति इंग्रजी 'टी' अक्षरासारखी दिसते. डोळा मधल्या उपकरणावरून एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, एकदां खालीं जातो आणि दर खेपेस मध्यें परत येतो. घरीं बांधणाऱ्यानें फलक सुंदर दिसावा म्हणून ही मांडणी मोडली, तर दुसऱ्या विमानांत शिकून आलेला त्याचा स्वतःचाच डोळा अडचणीच्या वेळीं भलत्या जागीं जातो.

खटक्यांची गोष्ट याहूनही नाजूक आहे. दुसऱ्या महायुद्धांत बी-१७ सारखीं विमानें सुखरूप उतरल्यावर त्यांचे वैमानिक फ्लॅप मिटविण्याऐवजीं चाकें मिटवीत आणि विमान पोटावर बसे. दोन्ही खटके जवळजवळ होते व हाताला सारखेच लागत. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञांनीं एका खटक्याच्या टोंकाला चाकाचा आणि दुसऱ्याच्या टोंकाला पाचरीचा आकार देण्याचा उपाय सुचविला. १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं खटके वापरतांना झालेल्या ४६० आणि उपकरणें वाचतांना झालेल्या २७० चुकांचे अनुभव वैमानिकांकडून गोळा करून तपासले. तीन कांट्यांचा अल्टिमीटर वाचतांना हजार फुटांची चूक व्हावी, एका खटक्याऐवजीं दुसरा ओढला जावा, अशा गोष्टी निरनिराळ्या माणसांच्या हातून पुनःपुन्हा घडल्या होत्या. एकच चूक अनेकांकडून होत असेल, तर दोष माणसांत न शोधतां मांडणींत शोधावा, हें यावरून स्पष्ट झालें.

म्हणूनच शहाणा बांधणारा पत्र्याला भोंक पाडण्यापूर्वीं पुठ्ठ्याचा फलक करतो. उपकरणांचे कागदी आकार कापून तो ते टांचणीनें लावतो, खऱ्या आसनावर पट्टा बांधून बसतो आणि हात पुढें करून पाहतो. पट्टा आंवळला असतां रेडिओ हाताला लागतो काय? काठी पुढें ढकलली कीं तिच्याआड कोणता कांटा लपतो? रात्रीं, हातमोजे घालून, डोळे मिटून पेट्रोलचा कॉक सांपडतो काय? यांतील एकाही प्रश्नाचें उत्तर नुसत्या नकाशावरून मिळत नाहीं. हा पुठ्ठा कांहीं आठवडे तसाच ठेवून रोज दहा मिनिटें त्याच्यासमोर बसल्यास पुष्कळशा हौसा आपोआप गळून पडतात.

फलक एकदां झाला म्हणजे काम संपलें असेंही नाहीं. नवीं उपकरणें बाजारांत येतात आणि जुनीं काढण्याचा मोह होतो. हा मोह सर्वस्वीं वाईट नव्हे. जुन्या कृत्रिम क्षितिजांतील भोंवरा बहुधा इंजिनावर चालणाऱ्या पंपानें निर्माण केलेल्या पोकळीच्या बळावर फिरे. पंप बंद पडला तरी क्षितिज एकदम आडवें होत नसे. तें हळूहळू कलूं लागे, आणि त्यावर विश्वासून वैमानिकही विमान त्याच्यामागें कलवीत जाई. आतां तळहातावर मावणाऱ्या पेटींतील सूक्ष्म संवेदक तेंच काम करतात. वेग, उंची, दिशा, क्षितिज आणि इंजिनाची उष्णता हीं सर्व एका पडद्यावर दिसतात, आणि तेलाचा दाब उतरला कीं पडदा स्वतः इशारा देतो. पंपही गेला आणि त्याचें वजनही गेलें.

मात्र पूर्वीं सहा उपकरणें सहा निरनिराळ्या वेळीं बिघडत. आतां एक तार तुटली तर सहाही एका क्षणांत मिटतात. शेजारीं दुसरा पडदा लावल्यानें ही अडचण दूर होतेच असें नाहीं. दोन्ही पडदे एकाच बॅटरीवर आणि एकाच तारेवर असतील, तर दोन दिसले तरी ते एकच होत. खरी जोड म्हणजे स्वतंत्र बॅटरी असलेला पडदा, अथवा जुना वेगदर्शक व जुना अल्टिमीटर. हे दोघे केवळ हवेच्या दाबावर चालतात. त्यांना विजेची गरज नसते.

विजेचा हिशेबही कागदावर मांडावा लागतो. बॅटरी १६ अँपिअर-तासांची आहे आणि वीज उत्पन्न करणारा आल्टरनेटर बंद पडल्यावर उपकरणें ८ अँपिअर ओढतात असें धरलें, तर हिशेबानें दोन तास मिळतात. पण बॅटरी जुनी असते, हवा थंड असते. दोन तासांवर भिस्त ठेवणाऱ्याला एकच मिळण्याचा संभव असतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनांतील मॅग्नेटो आपली ठिणगी स्वतः निर्माण करतो. त्याऐवजीं बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी घेतली, तर पडद्यांबरोबर इंजिनही त्याच बॅटरीचें आश्रित होतें. फलकावरील एका बदलाचे धागेदोरे असे दूरवर जातात. नवी तार होकायंत्राजवळून गेली तर तें चुकीची दिशा दाखवूं लागतें; अल्टिमीटरची नळी एकदां सोडून पुन्हा जोडली तर ती गळत नाहीं ना हें तपासावें लागतें; आणि वजन हललें कीं विमानाचा तोलही पुन्हा काढावा लागतो.

चांगल्या हेतूनें केलेला बदलही कसा घातक ठरतो, याचें उदाहरण सर्वश्रुत आहे. अमेरिकेचे प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर हे १९९७ च्या १२ ऑक्टोबर रोजीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे उपसागरांत विमान कोसळून मरण पावले. त्यांचें विमान बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' या आराखड्यावरून दुसऱ्या एका गृहस्थानें बांधलेलें होतें, आणि डेन्व्हर यांनीं तें नुकतेंच विकत घेतलें होतें. एका टांकीवरून दुसऱ्या टांकीवर पेट्रोल घेण्याचा कॉक मूळ आराखड्याप्रमाणें वैमानिकाच्या पायांच्या मध्यें असावयास हवा होता. पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटांत नसाव्या, अशा सावधगिरीच्या विचारानें बांधणाऱ्यानें तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेला. त्याच्यावर खुणा नव्हत्या. हाताला पोंचत नाहीं म्हणून उड्डाणापूर्वीं त्या कॉकला पकड लावून पाहण्यांत आली. तिचा उपयोग झाला नाहीं. मागचें पेट्रोल दिसावें म्हणून डेन्व्हर यांना एक आरसा देण्यांत आला. कॉक फिरविण्यासाठीं काठीवरचा हात सोडून अंग वळवावें लागे, आणि तसें वळतांना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पायट्यावर दाबला जाई. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें वैमानिकाची अपुरी तयारी नमूद केली. त्याचबरोबर दुर्गम जागीं बसविलेल्या त्या खुणा नसलेल्या कॉकलाही अपघाताच्या कारणांत स्थान दिलें.

ज्या गृहस्थानें तो कॉक बसविला त्याला त्याची संवय झालेली असणार. जोखीम आली ती पुढच्या माणसावर. याच मंडळानें २०१२ सालीं घरीं बांधलेल्या विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, २०११ सालीं तपासलेल्या अशा अपघातांपैकीं अर्ध्याहून अधिक विमानें वापरणाऱ्यानें स्वतः बांधलेलीं नव्हतीं, तर दुसऱ्याकडून विकत घेतलेलीं होतीं. म्हणजे फलक आंखणारा आपल्यापुरताच आंखीत नसतो. अजून ज्याचें तोंडही पाहिलेलें नाहीं अशा कोणासाठीं तरी तो आंखीत असतो.

तेव्हां प्रत्येक खटक्यावर ठळक अक्षरांत नांव असावें, प्रत्येक तारेवर क्रमांक असावा, केलेला प्रत्येक बदल वहींत तारीख घालून लिहावा. बदलानंतरचीं पहिलीं उड्डाणें स्वच्छ दिवशीं, उतारू न घेतां करावीं. जुनी संवय एका दिवसांत जात नाहीं. आणि सर्व झाल्यावर एक साधी परीक्षा अवश्य करावी. हें विमान पूर्वीं न पाहिलेल्या एखाद्या वैमानिकास जमिनीवरच आसनावर बसवावें, पट्टा बांधावा, आणि कांहींही न सांगतां दुसऱ्या टांकीचें पेट्रोल घ्यावयास सांगावें. त्याचा हात अडखळला, तर फलक अजून पुरा झालेला नाहीं.